भारतात तुमचं कोण आहे?

“भारतात तुमचं कोण आहे?” मी विचारलं.

“आम्ही दोघंच,” आई म्हणाली.

डोंबिवलीच्या घरात हॉल आणि स्वयंपाकघर यांच्यामधल्या भिंतीत एक चौकोनी खिडकी आहे. ताटं-वाट्या पलीकडे द्यायला ठेवलेली. तिच्या आतल्या बाजूला, ओट्यापाशी, मी अमेरिकेची व्हिसा ऑफिसर होऊन उभी होते. बाहेरच्या बाजूला आई, हातात प्लॅस्टिकची फाइल घेऊन. उभं राहूनच सराव करायचा हा बाबांचा आग्रह. तिथे खुर्ची मिळत नाही, सगळं काचेपलीकडून माइकवर चालतं, असं त्यांना शेजारच्या काकांनी सांगितलं होतं. आई खरंच खिडकीत तोंड घालून, जरा वाकून, स्टेशनवर तिकीट काढताना बोलतात तसं बोलत होती. “आम्ही दोघंच” म्हणून झाल्यावर तिने माझ्याकडे बघितलं ते पुढच्या प्रश्नासाठी. ऑफिसरला वाईट वाटून चालत नाही, म्हणून मी पुढचा प्रश्न विचारला. किती दिवस राहणार? तिकिटाचा खर्च कोण करणार? सराव संपला, चहा झाला, आणि चहा गाळता गाळता मी शक्य तितक्या सहज म्हटलं, “आणि मी?” “तू काय,” ती म्हणाली, “तू तुझ्या घरी.” तक्रार नव्हती त्यात. मोलकरीण उद्या येणार नाही, हे सांगावं तसं तिने ते सांगितलं आणि गाळणी नळाखाली धरली.

माझं घर ठाण्याला आहे. डोंबिवली आणि ठाण्याच्या मध्ये चार स्टेशनं: कोपर, दिवा, मुंब्रा, कळवा.

धाकटा भाऊ ओहायोत, कोलंबसला. आई-बाबांनी एकदा यावं म्हणून तो चार-पाच वर्षं मागे लागलेला. कोविडनंतर व्हिसाच्या तारखांचं जे काही झालं होतं ते तेव्हा अर्ज केलेल्या प्रत्येकाला तोंडपाठ आहे. दोन-दोन वर्षं पुढच्या तारखा. भावाने २०२३ च्या मे महिन्यात फी भरली आणि तिकडून रात्री जागून, वेबसाइट पुन्हा पुन्हा उघडून, पुढच्या मार्चची तारीख मिळवली. तेव्हा माणशी १६० डॉलर फी होती. १७ जूनपासून ती १८५ झाली. दोघांचे मिळून पन्नास डॉलर वाचले याचा बाबांना जो आनंद झाला तो प्रत्यक्ष व्हिसा मिळाल्यावरही झाला नसेल. महिनाभर ते भेटेल त्याला सांगत होते, जणू दरवाढ त्यांनी आधीच ओळखली होती. तारीख घेतली तेव्हा कारण नुसतंच ‘एकदा येऊन जा’ एवढं होतं. मधल्या काळात वहिनीला दिवस गेले. मे महिन्यात बाळ येणार असं कळलं आणि मार्चमधली ती तारीख एकदम घरातली सगळ्यात मोठी तारीख झाली.

फॉर्म भरायला मी दोन रविवार गेले. डीएस-१६० नावाचा तो ऑनलाइन फॉर्म ज्यांनी स्वतःसाठी भरलाय त्यांना तो नुसता कंटाळवाणा वाटतो. आई-बापांचा भरायला घेतला की कळतं, आपल्याला त्यांची किती कमी माहिती आहे. शिवाय वीसेक मिनिटं काही केलं नाही की पान आपोआप बंद होतं आणि आमच्याकडे प्रत्येक रकान्यामागे वीस मिनिटांची गोष्ट. बाबांची जन्मतारीख १ जून. आमच्या मागच्या पिढीत निम्म्या माणसांचा वाढदिवस १ जूनला असतो, कारण शाळेत नाव घालताना हेडमास्तरांनी जून महिना समोर दिसत होता म्हणून तो टाकला. खरी तारीख आजीला तिथीने माहीत होती आणि आजी गेली. त्याच फॉर्मने मग त्या आजीचीही जन्मतारीख विचारली. ‘माहीत नाही’ अशी एक चौकट असते, तिच्यावर मी टिचकी मारली. बाबा स्क्रीनकडे बघत म्हणाले, “असं कसं माहीत नाही?” मग बराच वेळ गप्प बसले. पान बंद पडलं.

तुम्ही एखाद्या कुळाचे किंवा टोळीचे आहात का, असाही एक प्रश्न आहे. बाबा गंभीरपणे म्हणाले, “गोत्र लिहू या का?” दहशतवाद, वंशसंहार, अण्वस्त्रांचं प्रशिक्षण, लहान मुलांना सैन्यात भरती करणं, हे सगळं मी ओळीने मोठ्याने वाचत होते आणि आई मेथी निवडता निवडता प्रत्येकाला “नाही गं बाई” म्हणत होती. माणसांची तस्करी आली तेव्हा तिने जुडी खाली ठेवली. “हे सगळ्यांना विचारतात की आपल्यालाच?”

सगळ्यांनाच विचारतात. पण आई खरी अडकली ती ‘यापूर्वी तुम्ही दुसरं कुठलं नाव वापरलं आहे का’ या साध्या प्रश्नावर. लग्नात तिचं नाव बदललं. आडनाव नव्हे फक्त, तिचं स्वतःचं नाव, जे तिला सतरा-अठरा वर्षं हाक मारताना वापरलं गेलं ते. ताटात तांदूळ पसरले, बाबांनी अंगठीने नवं नाव लिहिलं, आणि जुनं नाव त्या तांदळांबरोबर डब्यात गेलं. ते नाव मी इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही. माहेरी मात्र मामा तिला अजून त्याच नावाने हाक मारायचे आणि लहानपणी मला ते ऐकून भीती वाटायची, आपल्या आईच्या आत कुणीतरी दुसरी बाई राहते अशी. आता एका परक्या देशाचं सरकार त्या बाईची चौकशी करत होतं. मी ते नाव इंग्रजीत टाइप केलं. आईने चष्मा लावून बघितलं, स्पेलिंग बदलायला लावलं. “शाळेच्या दाखल्यावर डबल ई होता,” म्हणाली. पन्नास वर्षांपूर्वीचा डबल ई.

पुढे कुटुंबाची पानं. त्यात अर्जदाराचे आई-वडील विचारतात, मेलेले असले तरी. नवरा विचारतात. जवळचं कुणी अमेरिकेत आहे का, विचारतात. तिथे भावाचं नाव आलं. मी ती पानं पुढे-मागे करून दोनदा पाहिली. मागे राहणाऱ्या मुलांसाठी त्या फॉर्मवर रकाना नाही. बाबांचा फॉर्म, आईचा फॉर्म, दोन्ही मी भरले आणि दोन्हींत मी कुठेच नव्हते. तेव्हा मला याची गंमत वाटली होती. ओट्यापाशी उभी राहून “आम्ही दोघंच” ऐकलं तेव्हा नाही वाटली.

मला राग यायला हवा होता तो त्या प्रश्नाचा. कारण तो मीच काढला होता, आणि त्यामागे एक गणित होतं. अमेरिकेच्या १९५२ च्या इमिग्रेशन कायद्यात २१४(बी) नावाचं कलम आहे. त्याचा साधा अर्थ असा की व्हिजिटर व्हिसा मागायला आलेला प्रत्येक जण तिथे कायमचा राहायलाच निघालाय असं ऑफिसरने धरून चालायचं. तसं नाही, हे पटवायची जबाबदारी मागणाऱ्याची. मी आईला हे समजावून सांगितलं. तिला आधी खरंच वाटेना. “म्हणजे मी चोर आहे असं धरायचं, आणि मी म्हणायचं नाही हो, मी नाही?” चोर नाही गं, मी म्हटलं, त्यांना एवढंच बघायचं असतं की तुझं इथे काय आहे, कशासाठी तू परत येशील. घर, पैसे, माणसं. “बघू देत की,” ती म्हणाली. “अकरा जणांनी बघितलंय मला. हा बारावा.” बाबा पेपरामागून म्हणाले, “दहा. अकरावा मी.”

तर इथे काय आहे, याची फाइल बाबांनी केली. पोस्टात अडतीस वर्षं काढलेला माणूस फाइल करायला बसला की ती कशी होते हे सांगायला नको. पेन्शनचे कागद, पासबुकं, मुदत ठेवींच्या पावत्या, सोसायटीचं शेअर सर्टिफिकेट, घरपट्टी, लाइट बिलं, लग्नाचा फोटो, भावाचं आमंत्रणाचं पत्र. प्रत्येकाला पेन्सिलीने नंबर आणि वर अनुक्रमणिका. दोन बाय दोन इंचाचे फोटो वेगळ्या पाकिटात, त्यात दोघंही चष्म्याशिवाय, त्यामुळे कुणीतरी झोपेतून उठवून आणल्यासारखे. ती फाइल हातात घेऊन बघताना मला पहिल्यांदा जाणवलं की माझ्या आई-बापांचं आयुष्य कागदावर फार सज्जन आणि फार थोडं दिसतं.

याच दिवसांत नातेवाइकांच्या ग्रुपवर सल्ल्यांचा पूर आला. हैदराबादजवळ चिलकूरचा बालाजी आहे, व्हिसा बालाजीच म्हणतात त्याला, त्याला अकरा प्रदक्षिणा बोला, झालं की १०८ घाला. इंग्रजी येत असलं तरी कमी बोला. आणि सगळ्यात ठासून: बाळंतपणाला जातोय असं अजिबात म्हणू नका! फुकटची आया म्हणून चाललात असं त्यांना वाटतं, फिरायला जातोय म्हणा, नायगारा म्हणा. मलाही ते पटलं, कबूल करते. मी ओट्यापलीकडून आईला दोन दिवस नायगारा शिकवला. ती शिकेना. म्हणजे प्रश्न विचारला की ती गप्प बसायची, मग हळूच म्हणायची, “सुनेचं बाळंतपण आहे.” मी चिडले. ती म्हणाली, “मला नायगाऱ्याचं काय करायचंय? साडेतीन किलो डिंकाचे लाडू करून कुणी धबधबा बघायला जातं का?” शेवटी बाबांनी कुठूनसं वाचून दाखवलं की मुलाखतीत खोटं बोलल्याचं सापडलं तर कायमची बंदी येऊ शकते. हे खरंच तसं आहे. आई माझ्याकडे बघून काही बोलली नाही, फक्त भांडी लावताना एक पातेलं जरा जास्त जोरात ठेवलं. “मी आजवर कुणाशी खोटं बोलले नाही, आता या वयात त्या बाईशी बोलू?” ऑफिसर बाईच असेल हे तिने तेव्हाच ठरवून टाकलं होतं.

मुलाखतीच्या आदल्या दिवशी बोटांचे ठसे द्यायचे असतात, म्हणून दोघं दोन रात्री माझ्याकडे ठाण्याला राहिले. लग्नानंतर इतक्या वर्षांत आई माझ्याकडे सलग दोन रात्री राहिल्याचं मला आठवत नाही. तिला माझ्या घरात झोप लागत नाही. पंखा वेगळा आवाज करतो म्हणते. रात्री दोनला मी पाणी प्यायला उठले तर ती हॉलमध्ये दिवा न लावता बसली होती, ओठ हलत होते. स्तोत्र म्हणत असेल म्हणून मी हाक मारली नाही.

सकाळी टॅक्सीने बीकेसी, म्हणजे वांद्रे-कुर्ला संकुल; अमेरिकेचं कॉन्सुलेट तिथे आहे. तिथे पोचलं की आपण मुंबईत आहोत यावर विश्वास बसत नाही आणि नेमकं त्याच वेळी टॅक्सीवाला भलत्या गेटवर सोडतो तेव्हा बसतो. काचेच्या इमारती, फूटपाथवर छापील साड्या, इस्त्रीचे शर्ट, छातीशी धरलेल्या फायली. आत मोबाइल चालत नाही, बॅग चालत नाही. बाहेर उभ्या राहिलेल्या नातेवाइकांच्या दोन्ही हातांत तीन-तीन फोन. ज्यांच्याबरोबर कुणी नसायचं ते तेव्हा रस्त्यावरच्या माणसाकडे पैसे देऊन बॅग ठेवायचे; पुढे २०२५ मध्ये तिथल्याच एका रिक्षावाल्याची गोष्ट सगळीकडे फिरली, लोकांच्या बॅगा सांभाळून तो महिन्याला लाखांत कमावतो म्हणून, आणि मग पोलिसांनी ते बंद केलं. मी मात्र फुकट होते. आईची पर्स, बाबांचा फोन, पाण्याची बाटली, दशम्यांचा डबा. रांगेत जाताना आईने मागे वळून पाहिलं आणि फाइल उचलून दाखवली, शाळेत सोडलेलं पोर वॉटरबॅग दाखवतं तशी.

बाबांना ही रांग जुनी ओळखीची. कॉन्सुलेट २०११ मध्ये बीकेसीला आलं. त्याआधी ते ब्रीच कँडीला लिंकन हाउसमध्ये होतं, वांकानेरच्या महाराजांच्या जुन्या वाड्यात. बाबा काही वर्षं कंबाला हिलच्या पोस्टात होते. सकाळी कामावर जाताना भुलाभाई देसाई रोडवरची ती रांग बसमधून दिसायची. घरी येऊन सांगायचे, आज पाऊस होता तरी लोक उभेच, फाइल शर्टाच्या आत. त्या बोलण्यात एक तुच्छता असायची, आणि त्या तुच्छतेच्या खाली काहीतरी वेगळं असावं, कारण दहावीच्या सुट्टीत त्यांनी भावाला एकदा मुद्दाम त्या बसने नेऊन ती रांग दाखवली होती. मला नाही दाखवली. हेही मला त्या फूटपाथवर उभं असतानाच आठवलं. उन्हात उभं राहिलं की काय काय आठवतं.

दीड तास मी लोकांचे हात बघत होते. ज्यांचं काम झालं त्यांचा पासपोर्ट आत ठेवून घेतात, व्हिसा चिकटवून नंतर परत देतात. नाकारलं की पासपोर्ट लगेच हातात. म्हणजे बाहेर येणाऱ्याच्या हातात पासपोर्ट दिसला की समजायचं. एरवी भरल्या हातांचं कौतुक. इथे रिकामा हात बघितला की लोक धावत जाऊन मिठी मारतात. एक मुलगा, विशी-बाविशीचा, पासपोर्ट मुठीत घेऊन बाहेर आला आणि आपल्या वडिलांना ओलांडून सरळ पुढे चालत गेला. वडील त्याच्यामागे, हातात दोन फोन आणि जेवणाचा डबा घेऊन, जवळजवळ पळत. मी मान वळवली.

मग बाबा दिसले, मागे आई. बाबांच्या एका हातात फाइल. दुसरा हात मोकळा. आईचे दोन्ही हात पदरात गुंडाळलेले, त्यामुळे काही कळेना. मी बघतच राहिले तेव्हा बाबांनी तो मोकळा हात, बस थांबवायला करतात तसा, वर केला.

टॅक्सीत दोघांच्या दोन मुलाखती ऐकल्या. बाबांच्या मते दोन मिनिटं आणि तीन प्रश्न: कोणाकडे चाललात, मुलगा काय करतो, तुम्ही काय करत होता. आईच्या मते दहा मिनिटं आणि पुष्कळ प्रश्न. ऑफिसर बाईच होती, तरुण, “माझ्या सुनेएवढी.” फाइल तिने बघितलीच नाही, एकही कागद नाही, बाबा त्यावर बराच वेळ नाराज होते. कशाला चाललात म्हटल्यावर आईने बाळंतपण सांगितलं, ती हसली, अभिनंदन म्हणाली, झालं. दहा वर्षांचा व्हिसा; एका वेळी राहायचं मात्र फार तर सहा महिने. पण आईचा खरा राग दुसऱ्याच गोष्टीवर होता. भावाने भाषेच्या जागी मराठी निवडलं होतं. “मी सगळं इंग्रजीत पाठ करून गेले,” ती दशमीचा तुकडा मोडत म्हणाली, “आणि तिथे मराठी बोलणारी मुलगी आणून उभी केली.” काय पाठ केलं होतंस, मी विचारलं. “सगळं,” ती म्हणाली आणि खिडकीबाहेर बघायला लागली. कलानगरचा सिग्नल लागला होता.

एप्रिलच्या शेवटी दोघं गेले. विमानतळावर डिंकाच्या लाडवांचं वजन कुणी विचारलं नाही. फाइल माझ्याकडे ठेवून गेले, घरच्या कागदांची तुला गरज पडेल म्हणून. मे महिन्यात बाळ झालं, मुलगी, फोटो आले. आईच्या मांडीवर निळ्या-गुलाबी टोपीतलं गाठोडं आणि आईच्या चेहऱ्यावर मी ओळखत नसलेली कुणीतरी बाई. जूनमध्ये त्यांच्या सोसायटीने शेअर सर्टिफिकेटची झेरॉक्स मागितली. मी फाइल उघडली. क्रमांक सात आणि क्रमांक आठच्या मध्ये एक पाठकोरा कागद निघाला, लाइट बिलाच्या मागे पेन्सिलीने लिहिलेला. आईचं अक्षर, नंबर घातलेले, सगळं इंग्रजी देवनागरीत. माय सन इज इंजिनिअर. डॉटर-इन-लॉ इज प्रेग्नंट. वी विल स्टे फाइव्ह मंथ्स. नायगारा कुठेही नाही. सहाव्या नंबरवर ‘वी टू ओन्ली’ असं लिहून एका रेघेने खोडलं होतं. खाली, जरा बारीक अक्षरात, जागा पुरावी म्हणून:

वन डॉटर. ठाणे. शी कम्स एव्हरी संडे.